लाईट, ऊन, धूळ आणि घरचा सर्व्हर : जुनी पेटी बदलायची सविस्तर पद्धत

मागच्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला आईनं हाक मारली, "बाळा, टीव्हीवर फोटो येईनात." सकाळपासून लाईट चारदा येऊन गेली होती. वरच्या खोलीत जाऊन बघितलं तर सर्व्हरची पेटी, म्हणजे घरचे फोटो-फायली साठवणारा चोवीस तास चालणारा कॉम्प्युटर, थंडगार, दिवा बंद. बटण दाबलं की सुरू व्हायची, पण लाईट गेली की पुन्हा गप्प. तेव्हाच ठरवलं की आता ही पेटी बदलायची. ते काम पुरं व्हायला अडीच महिने लागले. त्यात ज्या गोष्टींनी माझा वेळ आणि पैसा खाल्ला, त्या क्रमानं इथं लिहितो आहे. परभणीत राहून हे केलं, त्यामुळं इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शकांपेक्षा माझा क्रम वेगळा आहे. ते प्रोसेसरपासून सुरू करतात. आपल्याकडं सुरुवात अर्थिंगपासून करावी लागते.

घरी सर्व्हर कशाला, असं पाहुणे विचारतात. उत्तर साधं आहे. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता मेल, फायली आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट. एका लग्नात भावानं मोबाईलवर काढलेले व्हिडिओच तेवढे भरतात. घरातल्या सहा जणांनी दर महिन्याला भाडं भरायचं आणि एखाद्या महिन्यात राहिलं की "जागा संपली" म्हणून मेलसुद्धा अडकायचा, हे मला पटत नाही. शिवाय सातबारा, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या, लेकरांच्या मार्कशीटा ही कागदं ऐन वेळेला हाताशी लागतात, आणि नेमकी तेव्हाच रेंज नसते. घरातल्या घरात, वायफायवर, नेट नसतानाही उघडेल अशी एक जागा हवी. माझ्या सर्व्हरचं काम एवढंच : फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाऊड, टीव्हीसाठी जेलीफिन.

आधी वही

नवं काही विकत घ्यायच्या आधी शाळेची शंभर पानी वही घ्या. जुन्या पेटीवर काय काय चालतं ते एकेका पानावर लिहा : सेवेचं नाव, पोर्ट क्रमांक, तिची माहिती कुठल्या फोल्डरात आहे, डेटाबेस कोणता, आवृत्ती कोणती, पासवर्ड कुठं ठेवला आहे. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे, लागले दोन दिवस. चार वर्षांपूर्वी रात्री जागून लावलेली एक छोटी स्क्रिप्ट रोज पहाटे फोटोंची नक्कल काढत होती, हे मी साफ विसरलो होतो. वही काढली नसती तर ती नव्या पेटीवर कधीच गेली नसती, आणि ते कळलं असतं तेव्हा उशीर झाला असता. कागदावरच लिहा. ज्या पेटीची माहिती तिच्यातच ठेवली, ती पेटी बंद पडल्यावर उघडणार कशी?

लाईटीचं काम

इथं मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण माझ्या दोन हार्ड डिस्क आणि एक राऊटर विजेनंच नेले.

वायरमनला बोलावून मीटरनं तीन आकडे घ्यायला सांगा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे, २३० च्या आगेमागे यायला हवेत. तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. माझ्याकडं मे महिन्यात तो ३८ आला. वायरमन म्हणाला, "भैया, अर्थिंग कोरडी पडली." आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते. शेतात जशा भेगा पडतात तशाच अर्थिंगच्या खड्ड्यातही पडतात, आणि पट्टीला किंवा पाईपाला चिकटलेली माती सुटी होते. मीठ-कोळसा कितीही भरलेला असो, ओल नसेल तर उपयोग नाही. त्यानं दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं : ४. तेव्हापासून होळी ते मृग आठवड्यातून एकदा खड्ड्यात पाणी टाकतो. पिण्याचं पाणी लागत नाही. कूलरच्या टाकीतलं उरलेलं, नाहीतर आरओ मशीनमधून वाया जाणारं खारं पाणी चालतं, उलट चांगलंच. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे सांगणं गरजेचं आहे.

अर्थिंग नीट नसेल तर स्पाईक गार्डच्या पट्टीचा उपयोग फार कमी. तिच्या आतला भाग जादा व्होल्टेज अर्थकडं वळवतो, आणि वळवायला वाटच नसेल तर त्यातलं बरंच तुमच्या पेटीत शिरू शकतं. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तीही अर्थिंगचीच तक्रार समजा. मोजमाप मात्र वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

दुसरा धोका तुटलेल्या न्यूट्रलचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटला तर तीन फेजांचा तोल जातो आणि एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येतं. एमसीबी यात वाचवत नाही, कारण तो जादा करंटला पडतो, जादा व्होल्टेजला नाही. त्यासाठी मेन बोर्डात जादा-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारं प्रोटेक्टर बसवून घ्या. साधारण २७० च्या वर आणि १७० च्या खाली लाईन तोडायची, आणि सुरळीत झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून जोडायची, अशी त्याची मांडणी असते. ते "थांबून जोडणं" फार मोलाचं. आपल्याकडं लाईट येते ती एकदम येत नाही. येते, जाते, डिम होते, मग टिकते. हार्ड डिस्कला सगळ्यात जास्त मार बसतो तो या धरसोडीत.

आता इन्व्हर्टर. "घरी इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?" हा प्रश्न मीही दुकानदाराला विचारला होता. इन्व्हर्टरला लाईनवरून बॅटरीवर यायला वेळ लागतो. पंखा आणि ट्यूबला तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) १५-२० मिलिसेकंद दम धरतो, त्यापुढं पेटी बंद. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं. ते लावलं की बदल लवकर होतो. आधी ते तपासा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर घुंई आवाज करतात आणि तापतात, आणि काही छोटे यूपीएस तसली लाईन घेतच नाहीत, सारखे बॅटरीवर जातात. नवा इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साईन वेव्हच घ्या.

माझी मांडणी अशी : मेन, मग प्रोटेक्टर, मग इन्व्हर्टर, मग छोटा ६०० व्हीए यूपीएस, मग सर्व्हर. त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. मोठ्या डेस्कटॉपला ती काही मिनिटंच पुरते. मिनी पीसी, एक डिस्क आणि राऊटर मिळून तीस-पस्तीस वॅटचा भार असेल तर नवी बॅटरी पाऊण तासापर्यंत जाते. पण लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागं जवळपास निम्मं होतं. आपल्या उन्हात तिची दोन वर्षं झाली की बदलायची तयारी ठेवा. यूपीएसवर तारीख लिहिलेला कागद चिकटवा.

यूपीएस घेताना मागं यूएसबी पोर्ट आहे का ते विचारा, स्वस्तातल्या बहुतेकांना नसतो. असेल तर नट नावाची प्रणाली सर्व्हरवर बसवा. बॅटरी तळाला गेली की ती सर्व्हर रीतसर बंद करते. नसेल तर एक युक्ती आहे, माझी तीच चालू आहे. जुना, अडगळीतला राऊटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नसलेल्या पॉइंटला लावला, माझ्याकडं तो कूलरचा पॉइंट आहे. लॅनची तार त्याच्यापर्यंत नेली. सर्व्हर दर मिनिटाला त्या राऊटरला पिंग करतो. सलग वीस मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे मेन लाईट खरोखर गेलेली आहे, मग सर्व्हर स्वतःला बंद करतो. दहा ओळींची स्क्रिप्ट. तिनं माझा डेटाबेस किती वेळा वाचवला, मोजलेलं नाही.

यात एक पेच आहे. सर्व्हर रीतसर बंद झाला आणि यूपीएस मरायच्या आत लाईट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीनं वीज गेलीच नाही, त्यामुळं तो आपोआप उठत नाही. नट असेल तर ती शेवटी यूपीएसलाच पुरवठा तोडायला सांगते, आणि पेच सुटतो. नसेल तर पेटीच्या बायोसमध्ये (चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेक-ऑन-लॅन चालू करा आणि राऊटरमधून किंवा एखाद्या रास्पबेरी पायवरून (तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवरून) सर्व्हरला जागं करायचा संदेश पाठवा.

पन्नास रुपयांची चकती

सुरुवातीला सांगितलेली गोष्ट पुरी करतो. लाईट आल्यावर पेटी आपोआप सुरू व्हावी, अशी सोय बायोसमध्ये असते. "वीज आल्यावर चालू हो" असा पर्याय निवडायचा. मी तो फार आधी निवडला होता, तरी पेटी उठत नव्हती. एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांनी एसएमपीएस गेला म्हणून सांगितलं, नवा बसवला, पैसे घेतले. घरी आणली, दोन दिवस चालली, पुन्हा तेच.

मग एका रात्री बायोस उघडून निवांत बघितलं तर घड्याळ २०१३ सालात होतं. म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ ची बॅटरी संपलेली. ती संपली की लाईट पूर्ण गेल्यावर बायोस सगळं विसरतं, तारीखही आणि "चालू हो" हा हुकूमही. पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळणारी चकती बदलली आणि आजार संपला. जुनी पेटी बदलायच्या आधी, आणि सेकंडहँड पेटी घेतल्यावर तर पहिल्याच दिवशी, ही चकती नवी टाका.

जागा कुठली

परभणीत उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या वर सहज जातो. स्लॅबच्या खाली वरच्या मजल्यावर ठेवलेली पेटी रात्री दहापर्यंत तापत असते, कारण स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री ओकतो. आमच्या घराचा मागचा भाग अजून माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचा आहे. एक साधा थर्मामीटर दोन्हीकडं ठेवून बघितला : एकाच दुपारी स्लॅबच्या खोलीत ४१, माळवदाखाली ३४. कुठलाही महागडा पंखा सात अंशांचा हा फरक पाडू शकत नाही. सर्व्हर खाली आणला.

माळवदाची खोड मला ठाऊक होती : माती गळते. म्हणून पेटीवर एक वीत अंतर सोडून फळी ठोकली, बाजू मोकळ्या ठेवल्या. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत बारीक धूळ हवेत असते, तेव्हा महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. मागच्या रिकाम्या खाचा बारीक जाळीनं झाका, पाली आत शिरतात. एका ओळखीच्यांच्या पेटीत पाल एसएमपीएसमध्ये चिकटून सगळं जळालं होतं. कूलरची ओली हवा थेट पेटीवर घेऊ नका. डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहील असं बघा, ५० च्या वर रोज जात असेल तर जागा चुकली आहे.

पेटी कोणती घ्यावी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळं ऑफिसांतून सहाव्या-सातव्या पिढीचे मिनी पीसी मोठ्या संख्येनं बाहेर पडले आहेत. लिनक्सला त्यांचं काही वावडं नाही. माझ्या मते घरच्या सर्व्हरसाठी आज यापेक्षा चांगला सौदा नाही. त्यातही सातवी पिढी बघून घ्या. आजकालचे मोबाईल एचईव्हीसी प्रकारात व्हिडिओ काढतात, आणि त्यातला १०-बिट प्रकार हार्डवेअरवर पेलणं सातव्या पिढीपासून नीट जमतं. सहाव्या पिढीवर टीव्ही अडखळेल. नवीनच घ्यायचं असेल तर इंटेल एन१०० चे मिनी पीसी आहेत, त्यांचा प्रोसेसर ६ वॅट गटातला.

विजेचा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा : चोवीस तास चालणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. माझा जुना डेस्कटॉप साठ वॅट ओढायचा, म्हणजे वर्षाला सव्वापाचशे युनिट. आताचा मिनी पीसी पंधराच्या आसपास, म्हणजे एकशे तीस. आपल्या बिलावरचा दर लावून स्वतःच गुणा. आणखी एक फायदा बोलला जात नाही : मिनी पीसी लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. तो जळाला तर पिन जुळवून दुसरा तालुक्याच्या गावीही मिळतो. खास आकाराच्या ब्रँडेड डेस्कटॉपचा एसएमपीएस गेला तर तो मागवायला आठवडा जातो.

सेकंडहँड घेताना पेनड्राईव्हवर लाईव्ह लिनक्स घेऊनच दुकानात जा. बायोसला ऑफिसचा पासवर्ड तर नाही ना, दोन्ही रॅमचे स्लॉट चालतात का, सोबतच्या एसएसडीचे स्मार्ट आकडे (डिस्कच्या तब्येतीची नोंद) काय म्हणतात, हे तिथंच बघा. डिस्कमध्ये बदललेल्या किंवा बदलायच्या राहिलेल्या सेक्टरांचा आकडा शून्य नसेल तर ती डिस्क नको. दुकानदार घाई करत असेल तर उठून या.

माहिती साठवायला डिस्क घेताना तिची लिहायची पद्धत सीएमआर का एसएमआर ते विचारा. एसएमआर डिस्कवर जुन्या जागी पुन्हा लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळं मोठी नक्कल करताना ती रांगायला लागते. अडीच इंची मोठ्या डिस्क बहुतेक एसएमआरच असतात. नकलेपुरत्या त्या चालतील, रोजच्या कामाला साडेतीन इंची घ्या. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्कची पेटी घ्यावी लागेल, आणि तो अडॅप्टरही यूपीएसवरच लावायचा. रास्पबेरी पाय वापरत असाल तर निदान मेमरी कार्डवरून एसएसडीवर या. सारखी लाईट जाणाऱ्या गावात कार्ड मरणारच.

हात लावायच्या आधी नक्कल

तीन नकला, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन डिस्क आरशासारख्या लावल्या म्हणजे नक्कल झाली, हा समज सोडा. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकाच क्षणी जातो.

घराबाहेरची नक्कल इंटरनेटवरून पाठवायचा हट्ट मी सोडला. आठशे जीबी वर चढवायला आमच्या नेटला किती दिवस लागतील, याचा भरवसा नाही. त्याऐवजी एक डिस्क बहिणीकडं छत्रपती संभाजीनगरला असते, एक माझ्याकडं. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येते तेव्हा अदलाबदल होते. डिस्क एसटीच्या प्रवासात टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन येते ती. लक्स या लिनक्सच्या सोयीनं पासवर्ड लावून कुलूपबंद केलेली आहे, त्यामुळं बसमध्ये हरवली तरी कुणाला आपल्या घरची कागदं दिसणार नाहीत. पासवर्ड मात्र आमच्या दोघांच्याही घरी कागदावर आहे.

चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून दुसरीकडं ठेवू नका, अर्धवट लिहिलेली फाईल हाती येते. आधी त्याचा डंप, म्हणजे पूर्ण उतारा, काढा. बाकी फायलींसाठी रेस्टिक किंवा आरसिंक ही नक्कल काढायची साधनं. आरसिंक वापरताना "डिलीट" पर्याय लावायच्या आधी कोरडी चाचणी, म्हणजे ड्राय रन, करून यादी डोळ्यांखालून घालाच. स्रोताच्या नावापुढची एक तिरकी रेघ राहिली की माहिती भलत्या फोल्डरात जाते.

मग त्या नकलेतून पाच फायली परत काढून उघडून बघा : एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक पीडीएफ, एक देवनागरी नावाची फाईल, आणि डेटाबेसचा डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून. देवनागरी नावाची फाईल मुद्दाम सांगतो. माझ्या एका जुन्या झिप नकलेत "आजोबा" नावाच्या फोल्डरचं नाव प्रश्नचिन्हांचं झालं होतं.

स्थलांतर

जुन्या पेटीला अजिबात हात लावायचा नाही. ती चालू राहू द्या, नवी शेजारी उभी करा. नवीवर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) कोरी बसवा, ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. जुन्या डेबियन १२ वरच वर चढायचा मार्गही आहे : आधी १२ पूर्ण अद्ययावत करायची, मग सोर्सेसच्या यादीत "बुकवर्म"च्या जागी "ट्रिक्सी" लिहायचं, एपीटी अपडेट, मग नवी पॅकेजं न घेता अपग्रेड, आणि शेवटी फुल-अपग्रेड. तो चालतो. पण मधेच लाईट गेली तर अर्धवट यंत्र हाती येतं, म्हणून मी कोऱ्याच्या बाजूचा. ३२-बिट जुनं यंत्र असेल तर प्रश्नच मिटला, डेबियन १३ त्यावर बसत नाही.

दोन पेट्यांमध्ये माहिती हलवायच्या आधी लॅनचा वेग बघा. केबल लावणारे कधी कधी आठातल्या चारच तारा क्रिंप करतात आणि वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. एक टीबी माहिती त्या वेगानं हलवायला पूर्ण दिवस जातो, गिगाबिटवर अडीच तास. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर क्रिंप करून घ्यायला वीस मिनिटं पुरतात.

डॉकर (प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) वापरत असाल तर तिच्या मांडणीच्या कंपोझ फायली आणि व्हॉल्यूमची फोल्डरं नव्या पेटीवर न्या, न्यायच्या आधी जुन्यावरचे कंटेनर थांबवा. आता सगळ्यात महत्त्वाचं : नव्या पेटीवर त्याच आवृत्त्या लावा ज्या जुन्यावर होत्या. आधी घर बदला, मग रंग द्या. मी पहिल्या वेळी दोन्ही एकदम केलं. पोस्टग्रेस या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलली की जुन्या फायली ती उघडत नाही, डंप काढून परत भरावा लागतो. नेक्स्टक्लाऊडही मोठ्या आवृत्त्या गाळून पुढं जाऊ देत नाही, एकेक पायरी चढावी लागते. दोन्ही चुका एकत्र झाल्यावर दोष कुठला, हे शोधण्यात माझा रविवार गेला.

डिस्क जोडताना एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची ते सांगणाऱ्या फाईलीत) यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहा आणि "नोफेल" हा शब्द जोडा. तो नसेल आणि लाईटीच्या धरसोडीत बाहेरची डिस्क उशिरा जागी झाली, तर लिनक्स दीड मिनिट वाट बघून आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसतं. तिथं नेटवर्क नसतं, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड घेऊन जावं लागतं. पण नोफेलचीही एक खोड आहे. डिस्क जोडलीच गेली नाही तर सेवा रिकाम्या फोल्डरात, म्हणजे छोट्या एसएसडीवर लिहीत सुटतात, आणि फोटो "गायब" झालेले दिसतात. त्यावर उपाय असा : डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डराला चॅटर आज्ञेनं "बदलता न येणारं" करून ठेवा. डिस्क जोडली की सगळं नेहमीसारखं, नसेल तर सेवा लगेच चूक दाखवते आणि थांबते.

सगळं चालायला लागलं की राऊटरमध्ये जुन्या पेटीला दुसरा पत्ता द्या आणि तिचा आधीचा आयपी पत्ता नव्या पेटीला राखून द्या. तेवढ्यानं घरातल्या सहा मोबाईलांमध्ये आणि टीव्हीत काहीही बदलावं लागत नाही. आईला कळलंही नाही की पेटी बदलली, आणि हे मला फार बरं वाटलं.

बाहेरगावाहून उघडायचं असेल तर राऊटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुमचं कनेक्शन अनेकांमध्ये वाटलेलं आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून राऊटरमार्गे थेट सर्व्हरला पोचायची वाट) चालणार नाही. त्यावर डोकेफोड न करता वायरगार्डवर चालणारं टेलस्केल, म्हणजे आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं साधन, बसवा. पोर्ट उघडे ठेवण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

महिनाभर दोन्ही, आणि एक रविवार

नवी पेटी महिनाभर चालू द्या आणि जुनी तशीच ठेवा. त्या महिन्यात एखाद्या रविवारी घरच्यांना सांगून मेन स्विच स्वतः पाडा, इन्व्हर्टरही बंद ठेवा. मी वही घेऊन बसलो होतो. वीस मिनिटांनी सर्व्हरनं स्वतःला बंद केलं, आणखी काही वेळानं यूपीएसचा टूंटूं आवाज थांबला. मग स्विच वर केला. प्रोटेक्टरनं दोन मिनिटं घेतली, मग राऊटर, मग पेटी. पहिल्या खेपेला डिस्क जोडली गेली नाही, कारण तिच्या पेटीला स्वतःचं बटण होतं आणि ते लाईट आल्यावर आपोआप चालू होत नव्हतं. बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं अशी डिस्कची दुसरी पेटी आणली. ही गोष्ट कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती, स्विच पाडला म्हणून कळली.

जुनी पेटी भंगारात घालू नका. तिची चकती बदलली आहेच. आता ती आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे बायोसच्या घड्याळानं उठते, नवीवरून नक्कल घेते आणि झोपते. विकायचीच असेल तर डिस्क आधी शून्यांनी भरून काढा, नुसतं फॉरमॅट पुरत नाही.

आणि पेटीवर एक कागद चिकटवा. आमच्याकडचा आईच्या अक्षरात आहे, तिनंच विचारून विचारून लिहिला : "हिरवा दिवा नसंल तर पाच मिनिटं थांबायचं. मग यूपीएसचं बटण बघायचं. मग पेटीचं बटण एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही. तरी नाही झालं तर बाळाला फोन करायचा, वायर ओढायची नाही."